रायपनिंग चेंबरच्या वर

सावद्याला, फैजपूर रोडवर,
केळी पिकवायच्या चेंबरच्या माडीवर आमचं ऑफिस:
दोन कॉम्प्युटर, उधारीचा इन्व्हर्टर
आणि फरशीतून वर येणारा वास,
दुपारी गोड, रात्री जरा दारूसारखा.

खाली हिरवे घड क्रेटमध्ये निजतात.
वर आम्ही, मी आणि सिकंदर तडवी,
तीन वर्षं एकच खेळ पिकवतोय.

खेळात एक बाई आहे, शशिकला.
नवरा चेंबरमध्ये गेला तो उभा बाहेर आला नाही,
म्हणून आता रात्रपाळी तिची.
हातात बॅटरी, फोनला पाच टक्के,
आणि बंद दारामागं कुणीतरी क्रेट मोजतंय.
रक्त नाही. भूतही, खरं म्हणजे, नाही.
रातकिडे सिकंदरनं पालच्या जंगलातून भरून आणले,
मोजणारा आवाज त्याच्या अब्बांचा,
जुन्या मोबाइलमध्ये राहिलेला.

मागच्या मंगळवारी मेल आला.
ज्यांच्या कन्सोलवर टोपीवाला बेडूक ढगांवर उड्या मारतो,
त्या कंपनीचा.
आमच्या दुकानात मोठ्यांचे खेळ थोडे आहेत, म्हणाले,
बाहेरच्यांना जागा आहे, पाठवा.

मी दोनदा वाचला. मग हसलो.
बेडकाच्या शेजारी शशिकला?
सिकंदर म्हणाला, रावेरच्या बाजारात
शंभर जण बत्ताशे घेऊन बसलेत,
तिथं एकटा कारली घेऊन बस.
संध्याकाळी कुणाची पाटी रिकामी असेल?
मी म्हणालो, किंवा कुणाची तशीच परत येईल.
तो चहा आणायला गेला.

खालचे दिगंबरनाना एकदा वर आले होते,
चेंबरचा रिमोट शोधत.
पडद्याकडं बराच वेळ पाहिलं.
"पोराईच्या खेयण्यात हे कोन पाहीन रे?"
मला उत्तर आलं नाही.
रिमोट त्यांच्याच खिशात होता.

मग वर्गवारीचा फॉर्म.
रक्त? नाही.
मद्य? वास फक्त.
शिवी? एक. तीही दाराला.
जुगार? आम्ही एकमेकांकडं पाहिलं, आणि नाही लिहिलं.
भीती: सौम्य, मध्यम, तीव्र?
इथं अडलो.
नवऱ्याचा डबा रोजच्यासारखा भरते ती,
आणि झाकण लावताना थांबते,
ते कुठल्या रकान्यात बसतं?

कच्चा खेळ आधी ताईला दिला होता,
भुसावळला, रेल्वे क्वार्टरमध्ये.
कन्सोल भाच्याचं, मागं बेडकाचं स्टिकर,
एका बटणाला वाळलेला गुळांबा.
दिवसभर ते त्याचं.
रात्री साडेअकराला,
ओटा पुसून, दूध विरजून, दाराची कडी पाहून,
ती स्वयंपाकघरात पाटावर बसते
आणि आवाज बारीक करते.

चार रात्री खेळली.
पाचव्या सकाळी फोन:
"तिला दार उघडायला लावू नका रे.
म्हणजे, उघडू दे. पण घाई नको करायला लावू.
मी वीस मिनिटं नुसती उभी होते तिथं."
मागून मालगाडी गेली, मग भाचा ओरडला,
माझं यंत्र रात्री कोण वापरतं, चार्जिंग संपलंय!
ताई म्हणाली, उंदीर.

ती वीस मिनिटं आम्ही खेळात ठेवली.
तिथं घड्याळ थांबवलं,
नुसतं उभं राहता येतं आता, कितीही वेळ.
सिकंदरनं अब्बांचा आवाज तेवढ्यापुरता कमी केला.
पूर्ण बंद कर, मी म्हणालो.
नाही म्हणाला.

नानांना सांगायला हवं,
असं कोण पाहतं ते.
पण ते खाली काट्यापाशी उभे होते,
नवा माल आत चढत होता,
आणि माझं बोट शेवटच्या रकान्यावर,
खेळणाऱ्याचं किमान वय.

"अठरा झाले का रे?" नाना ओरडले,
वरचा डिस्प्ले आमच्याच भिंतीवर आहे ना.
सिकंदरनं मान वर करून पाहिलं.
"साडेअठरा, नाना."
"मंग राहू दे."

लाइट गेली. इन्व्हर्टर कण्हला.
फॉर्म गेला की नाही, कळायला मार्ग नव्हता.
अंधारात आम्ही वास घेत बसलो.